मागून आणलेले ब्रह्मकमळ

हुबळी-धारवाडच्या जुन्या वस्त्यांत, विशेषतः मंगळुरी कौलांची घरे जेथे अद्याप उभी आहेत तेथे, पडवीच्या कोपऱ्यात किंवा विहिरीच्या आडोशाला, तळ गळलेल्या बादलीत अथवा फुटक्या रांजणात लावलेले एक झाड हटकून दृष्टीस पडते. रूपाने ते मुळीच देखणे नव्हे. लांब, चपट्या, मांसल आणि कडांना खाचा असलेल्या पानांचा तो एक विस्कटलेला भारा असतो. काठीला बांधावे तर वाकतो, मोकळा सोडावा तर पसरतो. वर्षातील बहुतेक दिवस त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आणि मग पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी घरातील मुलाला शेजारी पिटाळले जाते, "अक्कांना सांग, आमचे ब्रह्मकमळ आज उमलणार, जेवणे उरकून या." रात्री नऊ-दहाच्या सुमारास आळीतील निम्मी मंडळी त्या बादलीभोवती उभी असतात.

घरातील इतर झाडांची चौकशी करावी, तर उत्तरे साधी असतात. गुलाब रोपवाटिकेतून आणलेला असतो, कर्दळ घर घेतले तेव्हापासूनची असते. परंतु ब्रह्मकमळ कोठून आणले असे विचारले, की उत्तरात एखादे माणूस येते. 'वन्संनी पान दिले', 'माहेरून आणले', 'समोरच्या अक्कांकडचे आहे, त्या आता नाहीत'. आता हे झाड रोपवाटिकांतही मिळते, तथापि विकत आणलेले ब्रह्मकमळ आजही विरळाच. ते मागून आणावयाचे आणि मागणाऱ्याला द्यावयाचे, हीच त्याची रीत.

ही रीत केवळ शेजारधर्माची नाही. ती या झाडाच्या प्रकृतीतूनच आलेली आहे, आणि आपल्याकडे ते टिकून राहिले आहे तेही त्या रीतीमुळेच. म्हणून पान कसे लावावे हे सांगताना ते का लागते आणि का द्यावे, हेही थोडे समजून घेऊ.

नाव एक, झाडे दोन

प्रथम नावाचा घोळ दूर करणे इष्ट. पुराणकथांशी जोडलेले आणि बदरी-केदारला वाहिले जाणारे ब्रह्मकमळ हे हिमालयातील झाड. ते समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर, बर्फाच्या शेजारी वाढते. ते सूर्यफुलाच्या कुळातील असून उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. धारवाडच्या हवेत ते जगणे शक्य नाही.

आपल्या परसातील ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातील. त्याचे मूळ घर मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला मध्य अमेरिकेचा प्रदेश. ओग्युस्त्यां द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. निवडुंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काटे, वाळवंट आणि रणरणते ऊन येते. हा निवडुंग मात्र दमट अरण्यातील मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत, साचलेल्या पालापाचोळ्यात वाढणारा आहे. बांडगुळाप्रमाणे तो वृक्षाचा रस शोषीत नाही, केवळ त्याच्या आधाराने राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण त्याला कोणती माती हवी आणि किती ऊन हवे, याचे उत्तर या जन्मस्थानातच आहे.

परक्या देशातून आलेल्या या फुलाला लोकांनी आपापल्या परीने आपलेसे केले. केरळात ते 'निशागंधी' झाले. जपानमध्ये त्याला 'चांदण्यातील सुंदरी' अशा अर्थाचे नाव आहे. चीनमध्ये क्षणभर झळकून जाणाऱ्या वैभवाला या फुलाची उपमा देतात. आपल्याकडे त्याच्या पोटातील पुंकेसरांच्या झुपक्यात कोणाला आसनस्थ ब्रह्मदेव दिसतो, तर कोणाला शेषशायी विष्णू. या जुळ्या शहरांत मराठी आणि कन्नड या दोन भाषा कुंपणावरून सहज ये-जा करीत आल्या आहेत. धारवाडातील मराठी बोलणाऱ्या घरात १८९६ साली जन्मलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. ब्रह्मकमळाला तर कुंपण ओलांडताना नावही बदलावे लागत नाही. मराठीत 'ब्रह्मकमळ', कन्नडमध्ये 'ब्रह्मकमल', एवढाच काय तो फरक.

पान नव्हे, खोड

आपण ज्याला ब्रह्मकमळाचे पान म्हणतो ते वस्तुतः पान नव्हे. ते चपटे झालेले खोड आहे. याची खूण अगदी सोपी. फूल कधी पानाच्या कडेतून येत नाही, ते खोडावरील डोळ्यातून येते. ब्रह्मकमळाची कळी या तथाकथित पानाच्या कडेच्या खाचेतूनच बाहेर पडते आणि नवे 'पान'ही तेथूनच फुटते. प्रत्येक खाच म्हणजे एकेक डोळा आहे. उसाच्या कांडीला पेरापेरावर जसा डोळा असतो, तसाच हा.

ऊस लावताना आपण कांडी पुरतो. ब्रह्मकमळाचे 'पान' लावणे म्हणजेही कांडी लावणेच होय. म्हणून ते इतक्या भरवशाने लागते. आंब्याचे वा जास्वंदीचे निव्वळ पान मातीत खोचले तर त्यापासून झाड होत नाही. जास्वंदीची फांदी मात्र लागते, कारण फांदीवर डोळे असतात. लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द बदलण्याचा आमचा आग्रह नाही. या लेखातही यापुढे आम्ही त्याला पानच म्हणू. मात्र कापताना ते खोड आहे हे विसरू नये.

रात्री उघडणारी दारे

तोडलेले पान आठ दिवस सावलीत ठेवून मग लावावे, असे सांगितले की नवशिक्या माणसाला आश्चर्य वाटते. इतर झाडांची फांदी तासाभरात माना टाकते. हे पान आठवडाभर उपाशी कसे राहते?

त्याचे पहिले उत्तर आपल्याच प्रांतात काम केलेल्या एका माणसाने नकळत टिपून ठेवले आहे. बेंजामिन हाइने हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात नोकरीस होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बंगळूरच्या लालबागेची देखरेखही काही काळ त्याच्याकडे होती. त्याने १८१३ साली लिहिलेल्या एका पत्रात पानफुटीविषयी एक चमत्कारिक निरीक्षण नोंदविले. पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारी त्याची आंबट चव नाहीशी होते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट लागते. एकाच झाडाच्या पानाची चव दिवसातून तीनदा का बदलावी, याचा उलगडा विसाव्या शतकात पुरता झाला.

झाडांच्या अंगावर हवा आत घेण्यासाठी सूक्ष्म छिद्रे असतात. बहुतेक झाडे ती दिवसा उघडतात. हवा आत येते, पण त्याच दारांतून झाडातील पाणी बाष्परूपाने निघून जाते. पानफुटी, निवडुंग, ब्रह्मकमळ अशा मांसल झाडांनी याला युक्ती काढली आहे. ती दिवसा दारे बंद ठेवतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेला कर्बवायू ती आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा बंद दारांआड सूर्यप्रकाशात त्याचे अन्न तयार करतात. सकाळी पान आंबट लागते ते या साठवलेल्या आम्लामुळे. उन्हे चढतील तसतसे आम्ल खर्ची पडते आणि चव जाते.

असे झाड पाण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी असते. तोडलेल्या ब्रह्मकमळाच्या पानात पाणी साठलेले असते आणि ते उडून जाण्याची वाट दिवसभर बंद असते. म्हणूनच मुळे नसतानाही ते दिवसेंदिवस तग धरते. वर्तमानपत्रात गुंडाळून रेल्वेने पुण्याला वा बंगळूरला नेले तरी त्याचे काही बिघडत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडले तर मात्र ते घामेजते आणि कुजते.

पान कसे निवडावे, कसे कापावे

झाडावर तीन वयांची पाने दिसतात. टोकाकडील तांबूस झाकेची, लवलवीत पाने कोवळी असतात, ती लावल्यास सुकतात. बुडाशी गोल, काष्ठवत झालेला दांडा असतो, तो सावकाश मूळ धरतो. या दोहोंच्या मधील, मागील वर्षी पुरते वाढलेले, गर्द हिरवे व हाताला घट्ट लागणारे पान निवडावे. ज्याला हवेत लोंबणारी बारीक मुळे आधीच फुटलेली आहेत असे मिळाले तर अधिक चांगले, कारण अरण्यात वृक्षाची साल पकडण्यासाठी फुटणारी ही मुळे मातीशी लवकर एकरूप होतात. कळी धरलेले पान तोडू नये. कळी तर गळतेच, शिवाय मुळे फुटण्यासाठी लागणारी शक्तीही वाया जाते.

लांबी साधारण वीतभर पुरे. एखादे पान हातभर लांब असेल, तर त्याचे दोन किंवा तीन तुकडे करता येतात. प्रत्येक तुकड्याला निदान चार-सहा खाचा असाव्यात. चाकू धारदार असावा, आणि तो उकळत्या पाण्यात बुडवून किंवा स्पिरिटने पुसून घ्यावा. बोथट विळीने पान चेंगरते आणि चेंगरलेली जागा प्रथम कुजते.

येथे एक दक्षता घ्यावी लागते. लांब पानाचे तुकडे केल्यावर त्यातील मधल्या तुकड्याची वरची बाजू कोणती व खालची कोणती, हे ओळखणे अवघड होते. झाडाच्या अंगी मात्र दिशेची जाण असते. मुळे फुटण्यास उत्तेजन देणारा रस खोडात वरून खाली वाहतो आणि खालच्या टोकाशी साठतो, म्हणून मुळे तेथे येतात. तुकडा उलटा लावला तर तो बिचारा गोंधळतो. मुळे धरतो ती उशिरा आणि अपुरी, किंवा मुळीच धरीत नाही. जाणत्या बायका त्यासाठी सोपी खूण ठेवतात. खालचे टोक तिरपे कापावयाचे आणि वरचे सरळ. मग आठ दिवसांनीही चूक होत नाही.

कापलेली पाने सावलीत, वारा लागेल अशा जागी, सुपात किंवा कागदावर पसरून ठेवावीत. पाणी शिंपडू नये. चार-पाच दिवसांत कापलेल्या जागी पांढुरकी कोरडी खपली धरते. हवा दमट असेल तर आठ-दहा दिवसही लागतात. ही खपली म्हणजे जखम भरून आल्याचे चिन्ह. ओली जखम मातीत पुरली तर मातीतील बुरशीला आयतेच दार उघडे मिळते आणि पान खालून मऊ, तपकिरी होत जाते. ब्रह्मकमळ लागत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे पान मायेपोटीच मेलेले असते. तोडले, लगेच लावले आणि वर तांब्याभर पाणी घातले! या झाडाला घाईची माया सोसत नाही.

माती, कुंडी आणि पाणी

आपल्या जुळ्या शहरांची माती एकसारखी नाही. धारवाडच्या पश्चिमेस, मलनाडाच्या बाजूला, तांबडी मोकळी माती लागते, तर हुबळीहून नवलगुंदाकडे निघाले की कापसाची काळीभोर जमीन सुरू होते. काळी माती ज्वारी-कापसाला सोन्यासारखी, पण ब्रह्मकमळाच्या पानाला ती घातकच. ती पाणी धरून ठेवते, चिकट होते, आणि वाळली की दगडासारखी होऊन मुळांना आवळते. वृक्षाच्या बेचक्यातील पाल्यात वाढणाऱ्या झाडाला तशी माती कशी मानवणार?

म्हणून मिश्रण असे करावे. एक भाग तांबडी माती, एक भाग जाडसर वाळू व एक भाग चांगले कुजलेले पानांचे खत. त्यात विटेचे बारीक तुकडे, थोडा लाकडी कोळसा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळावेत. मूठभर ओले मिश्रण दाबून मूठ उघडली, की ते सहज विस्कटले पाहिजे. त्याचा लाडू वळला जात असेल तर आणखी वाळू घालावी.

प्रथम लावताना कुंडी लहानच घ्यावी. चार-पाच इंचांची मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. तळाला भोक असलेच पाहिजे, आणि त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. पान दोन बोटे खोल उभे लावावे, भोवतालची माती हलक्या हाताने दाबावी आणि एका काडीला सैल बांधावे. खोल पुरल्याने ते लवकर लागते ही समजूत चुकीची आहे. खोल पुरलेला भाग केवळ कुजतो.

लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी घालू नये. त्यानंतर वरची माती कोरडी झाली की बेताचे पाणी द्यावे. सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी पूर्वेची पडवी किंवा आंब्या-पारिजातकाची विरळ सावली ही योग्य जागा. पश्चिमेच्या उन्हात पाने पिवळी पडतात, अगदी अंधारात ती लांबट व दुबळी होतात. तीन ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. पान उपटून पाहण्याचा मोह आवरावा. बोटांनी किंचित ओढले असता ते आतून धरल्यासारखे वाटले, किंवा एखाद्या खाचेत तांबूस कोंब दिसला, की काम झाले असे समजावे.

आपल्या हवेत याला सर्वांत योग्य काळ फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा. हवा उबदार असते, जखम लवकर वाळते आणि वळवाच्या सरी येईपर्यंत मुळे धरलेली असतात. दुसरा काळ दसरा-दिवाळीच्या सुमाराचा. धारवाडची ती आठ-आठ दिवस न थांबणारी झिमझिम सुरू झाली, की पान लावू नये असे आम्ही सुचवू, आणि आधी लावलेली कुंडीही वळचणीखाली सरकवून ठेवावी. पावसाळ्यात सारेच लागते हा नियम जास्वंदीला आणि मोगऱ्याला ठीक, मांसल झाडांना तो लागू नाही.

फुलाची वाट

पानापासून लावलेल्या झाडाला फूल येण्यास साधारणतः दोन-तीन वर्षे लागतात. बियापासूनचे झाड याहून बराच अधिक काळ घेते. या प्रतीक्षेत उतावळेपणाने दोन गोष्टी घडतात, त्या टाळाव्यात. पहिली, दर वर्षी मोठी कुंडी देणे. या झाडाला मुळांची थोडी दाटी आवडते. मोकळी जागा मिळाली तर ते मुळे आणि पानेच वाढवीत बसते. दुसरी, खताचा मारा. शेणखत वा नत्राचे खत अती झाले की पाने हत्तीच्या कानासारखी होतात आणि फूल येत नाही. पावसाळ्यापूर्वी ओंजळभर जुने कुजलेले खत पुरे.

कळी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत सुमारे तीन-चार आठवडे जातात. या काळात कुंडी फिरवू नये, उचलून दुसरीकडे ठेवू नये आणि माती अगदी कोरडी पडू देऊ नये, नाहीतर कळ्या गळतात. कळी प्रथम खाली लोंबते. पुढे तिची नळी कोपरासारखी वाकून टोक वर उचलले जाते, आणि ती फुगीर झाली की ती रात्र आली असे समजावे. फूल नळीसह जवळजवळ फूटभर लांब आणि सहा-सात इंच रुंद असते. मध्यरात्रीच्या सुमारास ते पूर्ण उमलते आणि उजाडता उजाडता मान टाकते. पांढरा रंग, उग्रमधुर वास आणि रात्रीची वेळ हे सारे आपल्यासाठी नसते. अंधारात फिरणाऱ्या मोठ्या पतंगांना ते बोलावणे असते.

आपल्या परसात मात्र हे बोलावणे सहसा व्यर्थ जाते. फूल गळते आणि फळ धरीत नाही. या झाडाला सामान्यतः स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या वेगळ्या झाडाचा लागतो. आता शेजारच्या घरीही ब्रह्मकमळ असते आणि कधी कधी दोन्ही एकाच रात्री फुलतात. मग फळ का धरत नाही? कारण शेजारचे झाड हे वेगळे झाड नसतेच. ते याच झाडाचे पान असते.

आसपासची भावंडे

पानापासून रोप करण्याची हौस लागली, की इतर मांसल झाडांकडे लक्ष जाते. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असल्याने दोन शब्द सांगणे अवश्य आहे.

पानफुटीचे पान हे खरोखरच पान. त्याच्या कडेच्या दातऱ्यांत सूक्ष्म रोपे दडलेली असतात. ते ओलसर मातीवर नुसते आडवे ठेवावे, पुरू नये. पंधरवड्यात कडेने पिले उभी राहतात. जर्मन महाकवी गटे या झाडावर इतका लुब्ध होता, की तो त्याची पाने व रोपे मित्रमंडळींना भेट म्हणून देत असे. म्हणजे कुंपणावरून पान देण्याची रीत केवळ आपलीच नव्हे.

कोरफडीचे तोडलेले पान मात्र लागत नाही, ते सडून जाते. तिच्या बुडाशी फुटणारी पिले मुळांसकट अलग करून लावावीत. शेराची फांदी सहज लागते, पण कापताना निघणारा पांढरा चीक डोळ्यांना अतिशय अपायकारक आहे. मुलांना दूर ठेवावे आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत.

आणि ज्या गुणाचे आपण कौतुक करीत आहोत तो बेबंद झाला तर काय होते, हे फड्या निवडुंगाने दाखविले आहे. किरमिजी रंग देणारे किडे पोसण्याच्या हव्यासाने कंपनीच्या काळात परदेशी निवडुंगांना आपल्या देशात उत्तेजन मिळाले. तोडून टाकलेला प्रत्येक तुकडा मूळ धरीत गेला आणि दक्षिणेतील विस्तीर्ण जमिनी त्याने व्यापल्या. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या एका किड्यानेच त्याला आवर घातला. ब्रह्मकमळापासून तसे भय नाही, ते आपल्या हाताशिवाय कोठेच जात नाही.

दिल्याने उरणारे झाड

बी पासून होते ते अपत्य. त्याच्यात आईचे काही असते, बापाचे काही असते आणि काही त्याचे स्वतःचे. पानापासून होते ते अपत्य नव्हे, तो त्याच झाडाचा पुढे चालू राहिलेला जीव आहे. आजीच्या बादलीतील ब्रह्मकमळ आणि नातीच्या कुंडीतील ब्रह्मकमळ यांचे नाते आजी-नातीचे नाही. ते एकच झाड आहे, दोन ठिकाणी उभे असलेले. ज्या अक्का आता नाहीत त्यांच्याकडचे झाडही कोठे गेलेले नाही. मालमड्डीत किंवा सप्तापुरात, साधनकेरीजवळ किंवा हुबळीच्या एखाद्या बोळात त्यांनी दिलेल्या पानांच्या रूपाने ते उभे असेल.

या एकपणात एक धोकाही आहे. सारी झाडे एकाच जिवाची, म्हणून एकाची दुर्बलता ती सर्वांची. पिठ्या ढेकूण किंवा कुजीचा रोग लागलेले पान दिले तर आपण भेटीबरोबर रोगही देतो. म्हणून पान देताना ते दोन्ही बाजूंनी नीट पाहावे. खाचांत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावा, आणि नव्याने आणलेली कुंडी महिनाभर इतरांपासून दूर ठेवावी. काळे, मऊ डाग असलेले पान कोणालाच देऊ नये.

परंतु याच एकपणात मोठा दिलासाही आहे. एखाद्या अतिवृष्टीच्या वर्षी आपली बादली कुजली, किंवा आपण चार महिने मुलाकडे राहून परतलो आणि झाड वाळलेले दिसले, तरी आपण ज्याला पान दिले त्याच्याकडे आपलेच झाड ठेव म्हणून राखलेले असते. ते मागून आणावे. जो कोणालाच पान देत नाही त्याचे झाड एका पावसाळ्यात कायमचे जाते. ज्याने दहा घरी दिले त्याचे जात नाही.

हे आज मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की आपल्याकडील जुनी घरे झपाट्याने उतरविली जात आहेत. मुले बाहेरगावी असतात, वडीलधाऱ्यांच्या मागे घराला कुलूप लागते आणि यथाकाल तेथे बहुमजली इमारत उभी राहते. घर रिकामे करताना भांडी वाटली जातात, देव नेले जातात, फोटो नेले जातात. पडवीतील बादली मात्र तेथेच राहते, कारण ती जड असते आणि सामानाच्या गाडीत तिला जागा नसते. बादली न्यावी लागतच नाही. वीतभर पान पुरे, आणि ते आठवडाभर वर्तमानपत्रात राहू शकते. सदनिकेच्या पूर्वेकडील गॅलरीत चार इंचांच्या कुंडीत ते तितक्याच आनंदाने वाढेल.

परदेशी राहणाऱ्यांनी मात्र पान सामानात दडवून नेऊ नये. झाडे नेण्यावर बहुतेक देशांत निर्बंध आहेत, शिवाय निवडुंग कुळातील झाडांच्या देशोदेशींच्या व्यापारावर १९७५ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रण आहे. तेथेही हे झाड दुर्मीळ नाही. एखाद्या चिनी वा केरळी शेजाऱ्याच्या खिडकीत ते असण्याचा बराच संभव आहे. मागण्याची रीत तेवढी येथून न्यावी.

ज्यांच्याकडे जुने ब्रह्मकमळ आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. येत्या फाल्गुनात चार घट्ट पाने काढा, खालचे टोक तिरपे कापा, आठ दिवस सुपात ठेवा आणि चार लहान कुंड्यांत लावा. एक आपल्याला ठेवून तीन द्या. देताना ते झाड आपल्याला कोणी दिले होते, ते नाव घेणाऱ्याला अवश्य सांगा.